ग्रेसला हाक मारा

ऐका ना, आधी ते पुस्तक आलं. पुस्तक म्हणजे काय, दहा-बारा चकचकीत पानं, बुटांच्या खोक्यात अगदी वरच ठेवलेली. त्सेपो घरात, म्हणजे चर्चच्या अनाथ पोरींच्या आश्रमात, दर हिवाळ्यात समुद्रापलीकडून बुटांचं खोकं येतं आणि पोरी त्याच्यावर अशा तुटून पडतात की चर्चमधल्या बायका म्हणतात, प्रार्थनेला केली होतीत का गं कधी एवढी घाई? तर त्या शुक्रवारी खोपोत्सोच्या हाताला बुटाआधी पुस्तक लागलं. तिनं दोन पानं उलटली आणि किंचाळलीच.

"मोसेला! अगं तू! तुझा फोटो! आणि काय गं ही रडकी!"

रडकी कसली, त्या दिवशी चुलीत ओल्या शेणी होत्या. सगळं स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, मोसेला डोळे चोळत बाहेर आली आणि नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला. एवढंच. पण फोटोखाली इंग्रजीत चार ओळी होत्या, आणि इंग्रजीत मोसेला अख्ख्या हा-लेबेको गावात पहिली. तिनं वाचलं. परत वाचलं.

'ही ग्रेस. तिचं स्वतःचं असं कुणी नाही. तिच्या माणसांनी तिला कुत्र्याचं शेपूट म्हणून हाक मारली. आम्ही तिला नाव दिलं.'

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसं झालं. हातात बुटांचा जोड होता, तो तिनं खोक्यात असा आपटला की धाकट्या पोरी मागे सरकल्या.

"काय लिहिलंय? सांग ना," खोपोत्सो म्हणाली.

मोसेलानं सांगितलं. खोपोत्सो हसायला लागली आणि मग मोसेलाचं तोंड बघून हसता हसता थांबली.

आता नावाचं ऐका. तिचं पूर्ण नाव मोसेलान्त्जा. अर्थ तोच, कुत्र्याचं शेपूट, त्यात खोटं काही नाही. पण ते ठेवलं कुणी आणि का? मोसेलाच्या आधी तिच्या आईला दोन मुलगे झाले. पहिल्याचं नाव मोरेना, म्हणजे राजा. राजा आठ महिने जगला. दुसऱ्याचं नाव तेबोहो, देवाचे आभार. तो दातसुद्धा यायच्या आत गेला. आणि आमच्याकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, त्यामुळे मोरेना गेला तरी ती जन्मभर 'मामोरेना', मोरेनाची आई. पाण्याला गेली तरी मामोरेना, बाजारात गेली तरी मामोरेना. मेलेलं पोर दिवसातून पन्नास वेळा कानावर पडायचं.

म्हणून तिसरी मुलगी झाली तेव्हा आईनं ठरवलं, आता चांगलं नाव ठेवायचंच नाही. मोसेला लहान असताना आई तिला मांडीवर घेऊन सांगायची. मरण दाराशी येतं. विचारतं, आत कोण आहे गं? मी म्हणते, कुणी नाही बाबा, कुत्र्याचं शेपूट पडलंय. मरण नाक दाबतं आणि पुढच्या घरी जातं! असं म्हणून आई तिचं नाक दाबायची आणि दोघी हसायच्या.

मरण फसलं, मोसेला वाचली. मग ती नऊ वर्षांची असताना ते परत आलं आणि आईला घेऊन गेलं. आईचं नाव चांगलं होतं ना.

दवाखाना अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. घोड्यावर बसवून नेलं, तर तिथे नर्सच नव्हती, दाराला कुलूप. मोसेलाच्या डोक्यात तेव्हापासून एकच, आपण नर्स व्हायचं आणि त्या दाराला कुलूप पडू द्यायचं नाही. आणि आता अठराव्या वर्षी ते दार खरंच उघडणार होतं. शनिवारी बूट पाठवणारे समुद्रापलीकडचे पाहुणे येणार होते, आणि राजधानीत, मासेरूच्या नर्सिंग कॉलेजात त्यांच्या पैशानं जी एकच जागा त्सेपो घरातल्या मुलीला मिळणार होती ती मोसेलाला, हे ठरलेलं. फक्त तिनं पाहुण्यांसमोर उभं राहून दोन शब्द बोलायचे.

ती पुस्तक घेऊन तडक स्वयंपाकघरात. तिथे तिची मावशी मालिनेओ, तीन पायांच्या काळ्या हंड्यात मक्याच्या पिठाचा घट्ट पापा ढवळत होती, हातात वल्ह्याएवढं लाकडी ढवळणं. त्सेपो घरात चौदा वर्षं हीच बाई रांधते. माय मरो पण मावशी उरो म्हणतात, ती ही उरलेली. आई गेली त्या संध्याकाळी तिनं मोसेलाचं अंथरूण उचललं, स्वतःच्या घरात टाकलं, विषय संपला.

मोसेलानं वाचून दाखवलं. मावशीचं ढवळणं थांबलं.

"स्वतःचं कुणी नाही? असं लिहिलंय?"

"हो."

"मग मी कोण? हंडा?"

"मावशी, तुझं सोड, नावाचं बघ ना..."

"माझं का सोडू? नऊ वर्षं तुला खाऊ घातलं, तुझ्या उवा काढल्या, आणि मी कुणी नाही? कोणी लिहिलं हे? हात दाखव मला त्याचा!" मग तिनं हंड्यातला पापा दोनदा जोरात फिरवला, जणू लिहिणाराच आत होता, आणि एकदम आवाज खाली आणला. "उद्या बोलू नकोस मात्र काही."

"काय?"

"ऐकू आलं तुला. ते म्हणतील ते बोल, कागद घे, मासेरूला जा. नर्स हो. मग ये परत आणि सगळ्यांना सुया टोच."

"आणि नाव?"

"नाव चुलीत घातलं तर पापा शिजतो का?" मावशी म्हणाली. पण मोसेलाकडे न बघता म्हणाली.

दुपारी त्सेपो घराच्या मासेरूतल्या ऑफिसातून लिपुओ आली. लिपुओ म्हणजे बोलणं, आणि बाई नावाला जागणारी. पाहुण्यांचं आम्हाला सांगायची, आमचं पाहुण्यांना. तिनं मोसेलाला अंगणात उभं केलं, पाठ सरळ, हात पुढे.

"तीन वाक्यं. आपल्याच भाषेत बोल, त्यांना ऐकायला आवडतं, मी इंग्रजी करते. पहिलं, मला लोक कुत्र्याचं शेपूट म्हणायचे. दुसरं, आता माझं नाव ग्रेस आहे. तिसरं, देव तुमचं भलं करो. सोपं आहे की नाही?"

"औसी लिपुओ, ताई," मोसेला म्हणाली, "हे पुस्तक तुम्ही लिहिलंत?"

"कसं झालंय? फोटो काय आलाय तुझा!"

"तुम्ही परक्या आहात का? तुम्हाला माहीत नाही मोसेलान्त्जा नाव का ठेवतात?"

"माझ्या आजोबांचं नाव त्स्वेने होतं," लिपुओ म्हणाली. "माकड. पाच पोरं गेल्यावर झालेले. नव्वद वर्षं जगले."

हे ऐकून तर मोसेलाचं डोकंच फिरलं. म्हणजे माहीत नसतं तर एक वेळ चाललं असतं हो! हिला सगळं माहीत!

"मग लिहिलंत कसं?"

"हे बघ राणी, आजोबांची गोष्ट समजावून सांगायला मला दोन पानं लागतात, आणि दोन पानं कुणी वाचत नाही. रडवायला एक ओळ पुरते. त्या एका ओळीवर तुझं कॉलेज उभं आहे. तुला ओळ हवी का कॉलेज?"

मोसेलानं पुस्तक गुंडाळून मुठीत आवळलं. लिपुओनं तिच्या खांद्यावर थोपटलं, "शहाणी आहेस," म्हणाली आणि गाडीकडे गेली.

शनिवारी ऊन छान होतं, पण डोंगरांवर बर्फ, वारा कापत होता. सगळं गाव ब्लँकेटं पांघरून खांद्याशी पिना लावून बसलेलं. पाहुणे खुर्च्यांवर. मधोमध एक म्हातारी बाई, डॉरिस नावाची, पंचाहत्तरीची तरी असेल, लोकरीची टोपी. मोरुतींनी, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांनी, तिला मानाचं ब्लँकेट दिलं होतं आणि तिनं पट्टे आडवे करून पांघरलं होतं. आमच्याकडे पट्टे उभेच हवेत, आडवे पट्टे म्हणजे वाढ खुंटली! गावातल्या बायकांचे हात नुसते शिवशिवत होते, पण पाहुण्याला सांगणार कोण?

पोरींच्या छातीवर नावांच्या पट्ट्या. मोसेलाच्या पट्टीवर ग्रेस.

भजन झालं, मोरुती मोखेती बोलले, भरपूर बोलले, आणि मग, "आता आपली ग्रेस दोन शब्द सांगेल."

मोसेला उठली. देवाशप्पथ, ती तीन वाक्यं म्हणायलाच उठली होती. मावशीचं ऐकायचं, कागद घ्यायचा, जायचं. तिनं तोंड उघडलं, "मला लोक कुत्र्याचं शेपूट..." आणि समोर गावातल्या म्हाताऱ्या बसलेल्या, आईच्या मयतीला ज्या आल्या होत्या त्याच, आणि त्यातल्या एकीनं मान खाली घातली. बस. मोसेलाचं पुढचं वाक्य बदललंच.

"...म्हणत नव्हते. आईनं ठेवलं ते नाव. माझ्या आधी मोरेना गेला, तेबोहो गेला. मग मरण दाराशी आलं, म्हणालं आत कोण आहे? आई म्हणाली, कुणी नाही, कुत्र्याचं शेपूट पडलंय."

म्हाताऱ्यांमध्ये एक हुंकार गेला. एक जण म्हणाली, "खरं गं, पोरी." कुणीतरी नाक दाबलं आणि हसली आणि डोळे पुसले.

लिपुओ उभी होती. पाहुणे तिच्याकडे बघत होते. तिनं गोड आवाजात इंग्रजी केलं, "ती म्हणते, माझ्या घरात फक्त मरण होतं, माझी किंमत कुत्र्याच्या शेपटीएवढी होती. नव्या नावासाठी तुमचे आभार."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! टाळ्या!

"नाही," मोसेला म्हणाली. इंग्रजीत. मोठ्यांदा. "मी असं म्हटलं नाही."

टाळ्या अर्धवट थांबल्या. मोरुतींनी काय केलं असेल? भजन सुरू केलं! हात वर करून जोरात पहिली ओळ, आणि भजन सुरू झालं की आमच्याकडे गप्प बसता येत नाही, सगळं गाव गायला लागलं, रडणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा. मोसेला तशीच उभी, ओठ घट्ट मिटून. गाता गाताच मोरुतींनी तिच्या हातात लिफाफा कोंबला. कॉलेजचं पत्र. वर टाईप केलेलं, ग्रेस.

तिनं तो मोरुतींच्या बायबलवर परत ठेवला. "न्ताते मोरुती, बाबा, हे ग्रेसचं आहे. आली की तिला द्या."

आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे पोचल्यावर कळलं. आपण काय करून बसलो! ते कुलूप, तो दवाखाना, सगळं बायबलवर ठेवून आलो!

मावशीनं दारातून सगळं ऐकलं होतं. "अक्कल शेण खायला गेली होती का तुझी?" ती म्हणाली. "काल काय सांगितलं मी? काय सांगितलं?"

"मावशी..."

"गप्प. पोरांना वाढ आधी."

पोरांना वाढलं. पापा, मोरोहोची भाजी, मेंढीचं मटण. पोरं जेवायला बसली. पाहुण्यांच्या टेबलावर ताटं मांडलेली, पांढरा कपडा, पण रिकामी. मोरुती हसून हसून थकले. "येतंय, येतंय." आणि मावशी ढवळणं हातात घेऊन बाहेर आली, अंगणाच्या मधोमध उभी राहिली, पदराला म्हणजे एप्रनला हात पुसले आणि हाक मारली.

"ग्रेस! ए ग्रेस! पाहुण्यांना वाढ गं!"

कुणी आलं नाही.

"ग्रेस! बहिरी झालीस का? पाहुणे उपाशी बसलेत!"

पोरं खायची थांबली. स्वयंपाकघरातल्या बाकीच्या बायका एकेक करून बाहेर आल्या आणि हाताची घडी घालून भिंतीशी उभ्या राहिल्या. मोरुती धावत आले.

"मे मालिनेओ, अहो आई, हा काय तमाशा? वाढा ना!"

"मी कशी वाढू, न्ताते? त्या पोरीला कुणी नाही असं छापलंय तुम्ही. म्हणजे मी नाहीच. नसलेली बाई रांधणार कशी, वाढणार कशी? ग्रेसला हाक मारा. तुम्हीच आणलीत ना तिला?"

"पाहुण्यांसमोर लाज काढता?"

"लाज तर पुस्तकात छापून समुद्रापार गेली, माझ्याकडे काढायला उरलीय कुठे?"

भिंतीजवळ कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्याला उपाशी ठेवणं म्हणजे आमच्याकडे केवढं पाप, माहीत आहे ना? पण मावशी हलली नाही.

डॉरिसबाईनं लिपुओचा हात धरला. "काय चाललंय? त्या ग्रेसला बोलावतायत ना?" आणि मग मोसेलाकडे बघून, अगदी मऊ आवाजात, "नाव आवडलं नाही का बाळ तुला? माझ्या मुलीचं आहे ते. चार वर्षांची असताना गेली ती. मला वाटलं, तिचं नाव तुझ्याजवळ राहील."

मोसेलाला इंग्रजी समजलं. तिचा हात छातीवरच्या पट्टीकडे गेला.

"काय म्हणते?" मावशीनं विचारलं. "लिपुओ, काय म्हणते ती? नीट सांग, नाहीतर हे बघितलंस का?" ढवळणं वर केलं.

लिपुओनं सांगितलं. नीट सांगितलं. भिंतीजवळच्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. मावशी म्हातारीच्या अगदी जवळ गेली.

"बाईला सांग," ती म्हणाली, आणि आता ओरडत नव्हती, "तिच्या लेकीचं वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण त्या नावाचं घर मरणानं बघितलंय. माझ्या बहिणीनं ही पोर मरणापासून लपवली, आणि तुम्ही तिच्या छातीवर पत्ता लावलात."

सगळे लिपुओकडे बघतायत. एक ओळ की दोन पानं? मोसेलाला वाटलं, आता ही परत काहीतरी गोड बोलणार, आणि तिनं मुठी आवळल्या. लिपुओनं डोळे मिटले आणि बोलायला लागली. सगळं सांगितलं. मोरेना, तेबोहो, दाराशी आलेलं मरण. मावशीचं शेवटचं वाक्यही जसंच्या तसं. आणि वर म्हणाली, "हे मला आधीपासून माहीत होतं. पुस्तक मी लिहिलंय."

डॉरिसबाईचा चेहरा असा झाला होता की मोसेलाला तिच्याकडे बघवेना. रागवायचं तरी कुणावर? या म्हातारीवर रागवता येत नाही, म्हणून तर अजूनच राग येत होता.

मग बाईनं मोरुतींकडे हात केला. लिफाफा घेतला. पत्र काढलं, टेबलावर, त्या रिकाम्या ताटात ठेवलं, पर्समधून पेन काढलं आणि लेकीच्या नावावर रेघ मारली. एकदा मारली, मग हात थांबला, मग अजून एकदा. वर न बघता म्हणाली, "सांग."

मोसेलानं एकेक अक्षर सांगितलं. एम. ओ. एस. सगळं, शेवटच्या ए पर्यंत. मोरुती म्हणाले, कॉलेजवाले खाडाखोड चालवून घेणार नाहीत. बाई म्हणाली, मी बाजूला सही करते, आणि नाही चाललं तर सोमवारी मी स्वतः तिथे येते. मोसेलानं छातीवरची पट्टी काढली, फेकायला हात उचलला, आणि मग ती बाईच्या तळहातावर ठेवली. बाईनं मूठ मिटली.

"मोसेलान्त्जा!" मावशीनं हाक मारली, पार नदीपलीकडे ऐकू जाईल अशी. "पाहुण्यांना वाढ! पापा दगड झाला तिकडे!" आणि जाता जाता तिनं म्हातारीच्या खांद्यावरचं ब्लँकेट ओढून सरळ केलं, पट्टे उभे. "असं असतं हे," ती म्हणाली. ते कुणी इंग्रजीत केलं नाही.

मोसेला वाढत गेली. सगळ्यांत शेवटी लिपुओ. ती टेबलाच्या कोपऱ्यावर खाली मान घालून बसलेली.

"मिळालं ना पत्र?" लिपुओ हळूच म्हणाली. "झालं ना मनासारखं?"

मोसेलाच्या हातात मटणाचा डाव होता. "पुस्तकं किती पाठवलीत?"

"सगळी."

"म्हणजे तिकडे घराघरात मी अजून ग्रेसच. रडकी. जिचं कुणी नाही ती."

"आता परत कशी आणणार गं?"

"दोन पानं लिहा," मोसेला म्हणाली. तिनं लिपुओच्या ताटात पापा घातला, वर भाजी, आणि मटणाचा डाव तसाच हातात धरून उभी राहिली. "लिहा, मग वाढते."

लिपुओनं आधी तिच्याकडे बघितलं, मग डावाकडे. तिला वाटलं, पोरगी थट्टा करतेय.

मोसेला थट्टा करत नव्हती.